पुढे जोडावा

झाकणरावांना हे नाव ऑफिसात पडलं, आणि त्याला कारण खरोखरच एक झाकण होतं. काळ्या शाईच्या बाटलीचं, बरोबर तीन सेंटिमीटर व्यासाचं.

नगररचनेच्या कार्यालयात ते आरेखक होते. म्हणजे साहेबांनी कच्च्या कागदावर फराटे ओढायचे आणि यांनी ते पारदर्शक कागदावर शाईनं असे उतरवायचे, की साहेबांना स्वतःच्याच बुद्धीचं कौतुक वाटावं. शहराबाहेरच्या शेतांवर वसाहती उठायला लागल्या त्या वर्षांत साहेबांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती. रस्ता कुठे पोचता कामा नये. "पोचणारा रस्ता म्हणजे रहदारी," साहेब म्हणायचे. "माणसाला घर हवं असतं, चौक नको असतो." मोठ्या रस्त्यातून मधला रस्ता फुटावा, मधल्यातून बारका, आणि बारक्याच्या टोकाला गाडी वळवण्यापुरता एक गोल. गोलापुढे काही नाही.

गोलासाठी कंपास काढायचा, सुई रोवायची, कागदाला भोक पाडायचं, एवढा खटाटोप कोण करणार? झाकण ठेवलं, भोवती पेन फिरवलं, झालं. एकास हजार या प्रमाणात ते झाकण जमिनीवर तीस मीटर भरायचं. अठ्ठावीस वर्षांत झाकणरावांनी असे चारशेच्या वर गोल काढले. शहराच्या त्या अख्ख्या अंगाला आज जिथे जिथे रस्ता संपतो, तिथे तो एकाच बाटलीच्या झाकणाएवढा संपतो, हे तिथे राहणाऱ्या कोणालाही ठाऊक नाही. झाकणरावांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याचा थोडा अभिमानच होता.

एक गोष्ट मात्र त्यांना खटकायची. प्रत्येक वसाहतीचा नकाशा स्वतंत्र कागदावर असे. कडेपर्यंत आलेला रस्ता शेजारच्या कागदावरच्या रस्त्याशी जुळवावा, असा नियम होता. पण शेजारच्या कागदावर तेव्हा शेत असायचं, आणि शेताशी काय जुळवणार? म्हणून ते गोलाच्या बाजूला, अगदी कडेशी, मुंगीएवढ्या अक्षरात लिहून ठेवायचे, 'पुढे जोडावा'. लिहायचे पेन्सिलीनं, कारण शाईनं लिहायचं तर साहेबांची सही लागली असती. आणि पारदर्शक कागदावरून छापून निघणाऱ्या निळ्या प्रतीत पेन्सिल उमटत नाही, हे कार्यालयाच्या शिपायालाही माहीत होतं. सूचना देऊन झाली, कोणाला दिसली नाही, कोणाचं मन मोडलं नाही. नोकरी अशी सुखात पार पडली.

निवृत्तीला चार वर्षं झाली आणि ताईचा प्रश्न उभा राहिला.

ताई त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी. नवरा गेल्यापासून ती अशाच एका वसाहतीतल्या बैठ्या घरात एकटी राहायची आणि पुढच्या खोलीत शिवणयंत्र चालवायची. पँटी आखूड करणं, गणवेश सैल करणं, चेन बदलणं. गिऱ्हाईक दारात आलं की त्याच्या कपड्यावरून त्याची प्रकृती सांगायची. वर्षभरात ती दोनदा घरात घसरून पडली. दुसऱ्या वेळी अर्धा दिवस न्हाणीघरात बसून होती. तेव्हा तिच्या मुलानं, दूरच्या शहरातून, फोनवर निकाल दिला.

"मामा, पाच मिनिटांत पोचेल असं कोणीतरी आईजवळ पाहिजे. नाहीतर मी तिला इकडे घेऊन येतो. वरची खोली रिकामीच आहे."

"रिकामी म्हणे," ताई नंतर म्हणाली. "मी बघून आलेय ती खोली. एक व्यायामाचं यंत्र आणि दोन सुटकेसा. तिसरी मी." मग तिनं यंत्राच्या चाकावर हात ठेवला. "छोट्या, तिथे मला कोणी पँट आखूड करायलासुद्धा देणार नाही रे."

छोट्या बासष्ट वर्षांचा होता. त्यानं त्याच दिवशी ठरवलं, की ताईच्या शेजारी घर घ्यायचं.

घर निवडायला झाकणराव बाहेर पडले नाहीत. त्यांनी कपाटावरून जुन्या प्रती काढल्या. ताईच्या वसाहतीचा कागद आणि लगतच्या वसाहतीचा कागद शेजारी शेजारी ठेवून चिकटपट्टीनं जोडले. दोन्ही कागदांवरचे दोन गोल पाठीला पाठ लावून उभे होते, मध्ये फक्त हद्दीची एक जाड रेघ. मोजपट्टी लावली. दारापासून दारापर्यंत सहा सेंटिमीटर.

"साठ मीटर," ते बायकोला म्हणाले. "एका मिनिटाचं अंतर. चपला घालायला जास्त वेळ लागेल."

"मध्ये ही जाड रेघ कसली?"

"हद्द आहे. कागदावर दाखवावी लागते. इतक्या वर्षांत कोणीतरी रस्ता जोडला असेलच की."

"एकदा चालत जाऊन बघू या का?"

"अगं, मी काढलेली वसाहत आहे. मला तिथे काय दाखवणार?"

गावातल्या जुन्या दोन खोल्या विकून नवा फ्लॅट घेतला. दलालानं गाडीतून नेलं, गाडीतून आणलं. दुसऱ्या मजल्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ताईचं छप्पर आणि दोरीवर वाळणारे कपडे दिसले, तेव्हा झाकणरावांना इतका आनंद झाला की खाली बघायचं सुचलंच नाही.

सामान आलं त्या दिवशी दुपारी त्यांनी चहाचा थर्मास भरला, ताईच्या घराची जादा किल्ली खिशात टाकली, साध्या चपला घातल्या आणि खाली उतरले. रस्ता गोलापर्यंत गेला. गोल सुबक होता, तीस मीटरचा, ओळखीचा. गोलाच्या पलीकडे सात फूट उंचीची विटांची भिंत होती.

झाकणरावांनी भिंतीला हात लावून पाहिला. भिंत खरी होती.

"पलीकडे जायचंय?" रखवालदारानं विचारलं. "मग गाडी काढा."

"अहो, समोरचं घर आहे ते."

"समोरचंच आहे," रखवालदार समजुतीनं म्हणाला. "गाडी काढा."

बारका रस्ता, मग मधला रस्ता, मग मोठा रस्ता. मोठ्या रस्त्याला मध्ये दुभाजक, म्हणून आधी उलट्या दिशेनं पुलापर्यंत, पुलाखालून वळसा, मग परत तेवढंच, मग ताईच्या बाजूचा मधला, मग बारका, मग गोल. चार किलोमीटर आणि वर तीनशे मीटर. बावीस मिनिटं.

ताई दारातच उभी होती. ती त्यांना त्यांच्या खिडकीत बघून बाहेर आली होती.

"मिनिटाचं अंतर म्हणाला होतास," ती म्हणाली. "कुठल्या घड्याळाचं?"

थर्मासमधला चहा तेवढा गरम होता. तो कपात ओतता ओतता ताई हसायला लागली, आणि हसता हसता तिनं त्यांना जुन्या गावातल्या शाळेच्या वाटा मोजून दाखवल्या. ताई सहावीत आणि छोट्या नुकता शाळेत जायला लागलेला. शाळेला जायला अकरा वाटा होत्या. कुत्रं बसलेली गल्ली टाळून एक, मैत्रिणीच्या दारावरून एक, उशीर झाला की लोहाराच्या मागच्या बोळातून एक, गणिताचे मास्तर समोरून येताना दिसले की ऐन वेळी डावीकडे वळायची एक. "रोज तुझं बोट धरून वेगळ्या वाटेनं न्यायचे, आठवतं? आपण कधीच अडकलो नाही. एक गल्ली बंद तर दुसरी उघडी." तिनं कप खाली ठेवला. "आणि आता तू तिथे दिसतोस, मी इथे दिसते, आणि मध्ये चार किलोमीटर. हे कोणी केलं रे असलं?"

झाकणरावांनी चहाचा मोठा घोट घेतला. घोट गिळेपर्यंत बोलायचं नसतं.

परत जाताना त्यांना वाटलं, आपण शहर म्हणून एक झाड काढलं. नीट खोड, नीट फांद्या, टोकाला एकेक पान. वारा आला की शेजारच्या फांदीचं पान पानाला लागतं. पण या पानावरच्या मुंगीला त्या पानावर जायचं, तर पार खोडापर्यंत उतरून पुन्हा चढायला हवं. विचार त्यांना आवडला. मग पुलाखाली वाहनं तुंबली आणि आवडेनासा झाला.

भाच्यानं महिनाअखेरीला येऊन स्वतः पाहतो म्हणून सांगितलं होतं. म्हणजे हातात तीन आठवडे होते. झाकणरावांनी भिंतीत एक फाटक करून घ्यायचं ठरवलं. फार नको, माणूस जाईल एवढं.

वसाहतीचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. तळमजल्यावर त्यांचा दवाखाना होता आणि बिनकामाच्या माणसाला ते भेटत नसत, म्हणून झाकणरावांनी दाढ दुखत असल्याचं सांगून वेळ घेतली. हा डाव त्यांनी नीट विचार करून टाकला होता. फक्त, दातांच्या डॉक्टरसमोर बसलं की तोंड उघडं ठेवावं लागतं आणि बोलता येत नाही, एवढं लक्षात आलं नव्हतं.

"आ करा. मोठा आ. भिंतीचं म्हणताय ना, रखवालदार म्हणाला मला," डॉक्टर आरसा फिरवत म्हणाले. "आता बघा, ही भिंत म्हणजे आपल्या वसाहतीचं कवच आहे. त्याला एकदा भोक पाडलं की ते वाढतंच. आज तुमची बहीण, उद्या कोणाची मेहुणी, परवा पलीकडची अख्खी वस्ती आपल्या गोलात गाड्या लावणार. बरोबर ना?"

"आँ आँ," झाकणराव म्हणाले.

"तेच म्हणतोय मी. आम्ही इथे घरं घेतली ती शांततेसाठी. माहितीपत्रकातच होतं, 'येथे रस्ता संपतो, शांतता सुरू होते'. काय सुंदर लिहिलं होतं ज्यानं कोणी लिहिलं."

ते वाक्य साहेबांचं होतं. अक्षर झाकणरावांचं.

"दाढ उत्तम आहे तुमची," डॉक्टर हातमोजे काढत म्हणाले. "पण शेजारची किडलीय. बरं झालं आलात."

किडलेली दाढ भरून घेऊन, अर्धा गाल बधिर अशा अवस्थेत झाकणराव तसेच जुन्या कार्यालयात गेले. त्यांच्या टेबलाच्या जागी आता एक संगणक होता आणि संगणकामागे तिशीच्या आतली एक अधिकारी मुलगी. तिच्याकडे सगळे जुने नकाशे पडद्यावर चढवायचं काम होतं, आणि तिथूनच ते फोनवरच्या नकाशांत जायचे. तिनं त्यांचा फाटकासाठीचा अर्ज शेवटपर्यंत वाचला. या इमारतीत अर्ज शेवटपर्यंत वाचणारं माणूस झाकणरावांनी पहिल्यांदाच पाहिलं.

"काका, मंजूर नकाशात तिथे रस्ताच नाही. नसलेला रस्ता उघडून कसा द्यायचा?"

"मूळ कागद बघा ना. निळी प्रत नको. पारदर्शक कागद."

मूळ कागद आला. कोपऱ्यात 'आरेखन' या शब्दापुढे त्यांची आद्याक्षरं होती. मुलीनं दिव्याखाली कागद धरला आणि कडेशी बोट टेकवलं.

"हे पेन्सिलीनं काय लिहिलंय? 'पुढे जोडावा'. हे कोणी लिहिलं?"

झाकणरावांनी बधिर गाल चोळला. "मी."

"मग जोडला का नाही?"

"पुढे म्हटलं होतं."

मुलगी हसली नाही. तिनं शेजारच्या वसाहतीचा मूळ कागद मागवला. त्याच्या कडेलाही तेच, त्याच अक्षरात. दोन्ही कागद तिनं पडद्यावर एकमेकांना लावले आणि जवळ आणत आणत इतके मोठे केले, की हद्दीची जाड रेघ रेघ राहिली नाही, पट्टा झाली.

"ही जागा कोणाची, काका? या वसाहतीची हद्द पट्ट्याच्या अलीकडे संपते, त्या वसाहतीची पलीकडे. मधली ऐंशी सेंटिमीटर कोणाच्याच नावावर नाहीत."

"ती जागा नाही बाई. ती पेनाची जाडी आहे. हद्दीसाठी आम्ही जाड निबाचं पेन वापरायचो."

"आणि भिंत?"

"भिंत... त्या जाडीत बसलीय. इकडे शेत असताना गुरं येऊ नयेत म्हणून ठेकेदारानं बांधली असणार. रेघेवर बांध म्हटलं असेल कोणी, त्यानं रेघेवर बांधली."

"मग ती पाडायला परवानगी कोणाची घ्यायची, हे मलाही सांगता येणार नाही," मुलगी म्हणाली. "पण मूळ कागदावर असेल ते सगळं उतरवायचं, असा मला लेखी आदेश आहे. पेन्सिलीनं लिहिलेलं सोडून द्या, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही." तिनं एका गोलातून दुसऱ्या गोलात रेघ ओढली. एवढीशी, नखाएवढी. अठ्ठावीस वर्षांत जे झालं नाही ते दोन सेकंदांत झालं.

झाकणराव आनंदानं घरी आले आणि भिंतीपाशी गेले. भिंत होती तिथेच होती.

पंधरा दिवसांनी भाच्याचा फोन आला. आवाज एकदम मोकळा.

"मामा, आत्ता फोनवर नकाशा बघितला. तुमच्या दारापासून आईच्या दारापर्यंत दोन मिनिटं दाखवतोय. चालत! आई उगाच भिंत भिंत करत बसली होती. मी आता सुट्टी मोडून येत नाही. तुम्ही आहात ना?"

"हूं," झाकणराव म्हणाले.

बायको भाजी निवडत ऐकत होती. "खोटं बोललात त्याच्याशी."

"बोललो कुठे? हूं म्हणालो."

"तुमची सगळी नोकरी त्या हूंवर झाली," ती म्हणाली, आणि देठ मोडला.

ताईला हे कळलं तेव्हा ती आधी सुटल्यासारखी हसली. राहता येणार होतं, यंत्र जाग्यावर राहणार होतं. मग हसणं ओसरलं. "पण छोट्या, मी खरंच पडले तर? फोनमधल्या रस्त्यानं येणार आहेस का तू?" त्या दिवसापासून झाकणराव सकाळी आठला खिडकीत उभे राहायला लागले. शिवणाच्या खोलीचा पडदा सरकला की ताई उठली. पडदा सरकेपर्यंत ते चहाला हात लावत नसत.

इकडे नकाशातला रस्ता कामाला लागला होता. पार्सल पोचवणारी माणसं फोनच्या सांगण्यावरून गोलात यायची, भिंतीसमोर थांबायची, फोनकडे बघायची, भिंतीकडे बघायची. एक पार्सलवाली बाई रोज यायची. चाळिशीची, धिप्पाड, लाल स्कूटर, पायाशी खोक्यांची चळत.

"दोन मिनिटं म्हणतोय मेला," ती फोन भिंतीला दाखवत ओरडायची, जणू भिंतीला वाचता येत होतं. "ज्यानं कोणी हा रस्ता काढला ना, त्याला एकदा माझ्यासमोर उभा करा!"

झाकणराव तिच्यासमोर उभेच होते. हातात तिच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन.

पाणी पिऊन ती स्कूटरच्या सीटवर चढायची आणि पलीकडच्या गिऱ्हाइकाला हाका मारून खोकी वरून द्यायची. तिचं बघून बाकीचेही तेच करायला लागले. रोजच्या घासण्यानं वरच्या थराच्या विटा खिळखिळ्या झाल्या. अध्यक्षांनी 'भिंतीवर चढू नये' अशी पाटी लावली. पाटीच्या खिळ्यानं आणखी एक वीट हलली.

आणि मग एका मंगळवारी, अकराच्या सुमाराला फोन वाजला.

"छोट्या, घाबरू नकोस हं, मी जरा..." काहीतरी धाडकन आपटलं आणि ताईचा आवाज बंद झाला. परत लावला तर नुसताच वाजत राहिला.

झाकणराव गाडीची किल्ली घ्यायला वळले आणि थबकले. बावीस मिनिटं. ते तसेच खाली धावले. गोलात लाल स्कूटर उभी होती आणि पार्सलवाली बाई नेहमीसारखी भिंतीशी भांडत होती.

"बाई, मला पलीकडे जायचंय. बहीण पडलीय माझी."

तिनं पुढे एक शब्द विचारला नाही. खोकी भराभर खाली फेकली, स्कूटर भिंतीला लावली, दोन्ही हातांनी ब्रेक दाबून धरले. "चढा काका. सीटवर पाय द्या. आता माझ्या खांद्यावर. माझ्या खांद्यावर द्या हो, लाजताय काय!"

बासष्टाव्या वर्षी झाकणराव स्वतःच्या रेघेवर पालथे पडले. अर्धं अंग एका कागदावर, अर्धं दुसऱ्यावर. पोटाखालची वीट सुटली, तिच्या मागे दुसरी सुटली, आणि ते तीन विटांसकट पलीकडच्या गोलात उतरले. उतरले म्हणजे पडले. घोट्यातून कट्‌ असा आवाज आला.

त्यांनी वर बघितलं तर समोर ताई उभी होती. गळ्यात मोजपट्टी, कोपराला खरचटलेलं, बाकी धडधाकट.

"ताई! तू पडलीस ना?"

"स्टुलावरून सरकले नुसती. फोन हातातून सुटून यंत्राखाली गेला. तो काढायला काठी शोधत होते, तेवढ्यात भिंत कोसळल्याचा आवाज आला." तिनं त्यांच्या घोट्याकडे पाहिलं. "आणि तू काय करतोयस इथे?"

"तुझी काळजी घ्यायला आलोय," झाकणराव जमिनीवरून म्हणाले.

भिंतीपलीकडून पार्सलवाली बाई ओरडली, "पोचले का हो काका?"

"पोचले!" ताई ओरडली. "पण परत पाठवता येणार नाहीत!"

ताईनं त्यांना आधार देऊन घरात नेलं, पाय पाटावर ठेवला, शिवणाच्या कापडाच्या पट्ट्या फाडून घोटा आवळून बांधला. अगदी सफाईनं, टाके घातल्यासारखा. बायको तेवीस मिनिटांनी गाडीनं पोचली. हाडाला चीर गेली होती. सहा आठवडे पाय टेकायचा नाही, असं निघालं. दोन मजले चढणं शक्य नव्हतं, म्हणून झाकणरावांचा मुक्काम ताईच्या पुढच्या खोलीत पडला. जिची काळजी घ्यायची, तीच त्यांना सकाळी उठवून चहा द्यायला लागली. आता पडद्याकडे बघायचं काम पलीकडच्या खिडकीत बायको करत होती.

भाच्याला सगळं खरं ताईनंच सांगितलं. एकही गोष्ट लपवली नाही. दोन दिवसांनी तो येऊन धडकला, आईला घेऊन जायच्या तयारीनं. पण तोवर आणखी एक गोष्ट झाली होती. भिंतीतल्या तीन विटांच्या जागी सकाळी दहा विटांची जागा झाली, दुपारी तीसची, आणि तिसऱ्या दिवशी माणूस ताठ मानेनं जाईल एवढी. कोणी पाडली ते कोणीच पाहिलं नव्हतं. पार्सलवाल्या बाईच्या लाल स्कूटरवर विटकरी धूळ होती, पण लाल रंगावर ती कोणाच्या डोळ्यांत भरणार?

भाचा मामीला भेटायला म्हणून निघाला आणि फोनवर वेळ लावून चालला. एक मिनिट चाळीस सेकंद. परत आला तेव्हा मामी त्याच्याबरोबर होती, हातात पातेलं, त्यातलं वरण अजून वाफाळत होतं.

"नकाशात दोन मिनिटं होती," भाचा जरा नाराजीनं म्हणाला, जणू वीस सेकंदांचा हिशेब त्याला कोणीतरी द्यायला हवा होता. मग तो आईच्या यंत्राजवळ बसला, तिच्या कोपरावरच्या खपलीकडे पाहिलं आणि विचारलं, "आई, माझी ही पँट जरा लांब होते. बघतेस का?"

"काढ," ताई म्हणाली. तिचे कपडे भरायला आणलेली बॅग त्यानं गाडीतून आत आणलीच नाही.

राहिले अध्यक्ष. ते भिंतीची तक्रार घेऊन कार्यालयात गेले. अधिकारी मुलीनं तक्रार शेवटपर्यंत वाचली आणि एकच प्रश्न विचारला. भिंत कोणाच्या मालकीची? डॉक्टर म्हणाले, अर्थात आमच्या वसाहतीची. तिनं पडद्यावर दाखवलं, तुमची हद्द इथे संपते. मग ते पलीकडच्या वसाहतीच्या लोकांना भेटले. त्यांचीही नव्हती. मालक नसेल तर तक्रार घेता येत नाही. आणि भोक बुजवायचं तर नकाशातला रस्ता अडवल्याचा गुन्हा होतो. डॉक्टरांनी हात टेकले आणि एका संध्याकाळी ते स्वतः त्या भोकातून वाकून पलीकडे आले. वाकायची गरज नव्हती, पण सवय नव्हती.

झाकणराव ताईच्या अंगणात प्लास्टरचा पाय खुर्चीवर ठेवून बसले होते.

"मला त्या ऑफिसातल्या मुलीनं सांगितलं, की हद्दीची ती रेघ काढणारा माणूस इथेच राहतो," डॉक्टर म्हणाले. "निदान तुम्ही तरी सांगा. ही भिंत कोणाची आहे?"

अठ्ठावीस वर्षं झाकणरावांनी अशा प्रश्नांना हूं म्हटलं होतं. साहेबांकडे बोट दाखवलं होतं. नाहीतर घोट घेतला होता. या वेळी हातातला कप रिकामा होता.

"माझी," ते म्हणाले.

डॉक्टरांनी मागे बोट दाखवलं. "आणि भोक?"

"तेही माझंच. जरा उशीर झाला."

डॉक्टर काही बोलणार, तेवढ्यात भोकातून पार्सलवाल्या बाईनं स्कूटर ढकलत आत आणली. खोक्यांची चळत विटांना घासली आणि आणखी एक वीट खाली आली. "सरका जरा डॉक्टर," ती म्हणाली, "रस्त्यात उभे आहात."

डॉक्टर सरकले.